आधीच काढलेलं पित्ताशय

१

एकाच माणसाच्या पोटातून एकच अवयव दोनदा काढता येत नाही, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. तरी त्या सकाळी मी रुग्णालयातल्या एका खाटेपाशी उभी राहून फोनवरचा निरोप पुन्हा पुन्हा वाचत होते. निरोप आमच्याच कंपनीचा होता. ‘सदर सभासदाचे पित्ताशय तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेने काढलेले आहे. मंजुरी नाकारण्यात येत आहे.’

सदर सभासद समोर खाटेवर होती. उजव्या कुशीला उशी दाबून, तापाने लालबुंद.

"काढलंय, तर मग हे दुखतंय काय?" ती म्हणाली. "शेजारणीचं?"

ती मुलांना पोहायला शिकवायची. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडायची सवय, त्यामुळे कण्हत होती तेही अख्ख्या वॉर्डाला ऐकू जात होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला. पित्ताशय जागच्या जागी होतं, खड्यांनी गच्च भरलेलं आणि सुजलेलं.

"पोटावर साधा ओरखडा नाही माझ्या," ती म्हणाली. "सगळा तलाव साक्षीला आहे. विचारा कोणालाही."

मी आधी परिचारिका होते. आता एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीत तपासनीस आहे. खोटे क्लेम शोधणं हे माझं काम. एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून ऑफिसात मला ‘चिमटा’ म्हणतात. तोंडावर अर्थातच नाही. या नोकरीत मी पुरुषाचं बाळंतपण पाहिलंय आणि मेल्यानंतर बसवलेली कवळीही पाहिलीय. पण जिवंत बाई पोट धरून कळवळतेय आणि आम्ही तिला सांगतोय की तुझं दुखणं तीन वर्षांपूर्वीच संपलं, हे पाहून मला खरंच धक्का बसला.

खाटेच्या कडेला तिची मुलगी बसली होती. चौथीतली असेल. आईचा हात तिने घट्ट धरून ठेवला होता.

"माझं सोडा," मास्तरीणबाई म्हणाली. या वेळी आवाज खाली आला. "हिला रोज इन्सुलिन लागतं. गेल्या वर्षी आम्ही हिला दत्तक घेतलं, तेव्हा तुमच्या कंपनीने नाकं मुरडत का होईना, हिला माझ्या पॉलिसीत घेतलं. अशी मुलं एकदा बाहेर पडली की पुन्हा कुठलीच कंपनी त्यांना दारात उभं करत नाही. माझ्यावर फसवणुकीचा डाग लागला तर हिचं काय होणार?"

मला उत्तर माहीत होतं. कंपनीच्या जन्मापासूनचा एक नियम आहे, ‘एक चूल, एक नाव’. घरातल्या एकाने फसवलं की सगळं घर बाद. तिच्या खाटेपाशी उभी असतानाच आमच्या मोठ्या साहेबांचा फोन आला.

"उद्या दुपारी समिती बसतेय. तोपर्यंत त्या बाईच्या नावाने टेबलावर कोण झोपलं होतं ते सांगा. नाही सांगितलंत, तर तिनेच झोपवलं असं धरून घर बाद करू."

"तिचं ऑपरेशन?"

"समितीनंतर बघू."

डॉक्टरांनी मला दारापर्यंत सोडताना सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत कसंबसं थोपवीन. त्यानंतर ते आत फुटेल."

२

अशा वेळी मी काकांकडे जाते. काका म्हणजे आमच्या कंपनीचे सगळ्यांत जुने भेटकरी.

भेटकरी हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. आमची कंपनी आज काचेच्या उंच इमारतीत असली, तरी जन्मली ती मालधक्क्यावर. तिथल्या हमालांपैकी कोणी आजारी पडलं की बाकीचे एका डब्यात नाणं टाकत आणि धक्क्याजवळचा डॉक्टर त्यातून औषध देई. त्या डॉक्टरने पुढे डब्याची कंपनी केली. पण त्याने एक रीत घालून दिली. सभासद रुग्णालयात पडला की कंपनीच्या माणसाने जाऊन त्याच्याजवळ घटकाभर बसायचं. माणसाला बरं वाटतं आणि खाटेवर खरा सभासद आहे की नाही तेही कळतं. भेटकऱ्याने नाव विचारायचं नाही. घरी कोण वाट बघतंय, एवढं विचारायचं. डॉक्टर म्हणायचा, खोटा माणूस नाव पाठ करून येतो, वाट बघणारं माणूस पाठ करायचं कोणाला सुचत नाही.

काकांनी मला हे काम शिकवलं. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात ते आणि काकू आळीपाळीने तिच्या उशाशी बसले होते. त्यांच्या घरी मी न विचारता चप्पल काढून आत जाते.

ते कंपनीच्या वर्धापनदिनासाठी इतिहासाचं प्रदर्शन लावत होते. धक्क्यावरच्या डॉक्टरचा मोठा फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता आणि काका तो पुसत होते.

"तीन वर्षांपूर्वी त्या मास्तरीणबाईच्या खाटेपाशी तुम्हीच गेला होतात," मी म्हणाले. "आठवतं?"

"पोरी, माझी स्मरणशक्ती म्हणजे तुझ्यासारखी गळकी बादली नव्हे." ते हसले. "चांगलं आठवतं. अंगाने भरलेली, मोकळी बाई. घरी कोण वाट बघतंय विचारलं, तर म्हणाली, माझी मुलगी. सारखं मुलीचंच चाललं होतं तिचं, डबा कोण देईल, वेणी कोण घालेल. मला संशय यायला काही कारणच नव्हतं."

"मग ती कोण होती?"

"घरचंच कोणीतरी." त्यांनी फडकं झटकलं. "घरातल्या गोष्टी इतक्या बारीक घरच्याच माणसाला माहीत असतात. त्या बाईला नणंद आहे ना? बघ विचारून, तीन वर्षांपूर्वी ती कुठे होती."

३

नणंद त्याच घरात राहायची आणि चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मी गेले तेव्हा ती काउंटरवर काचा पुसत होती. तीन वर्षांपूर्वीच्या त्या महिन्याचं नाव मी काढताच तिच्या हातातली काच फरशीवर पडली.

"मी मैत्रिणीकडे गेले होते," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"आहे एक."

"मैत्रिणीला नाव असेल."

"ताई, माझा त्या ऑपरेशनशी काही संबंध नाही."

"मी अजून ऑपरेशन हा शब्दही काढला नाही."

ती पांढरीफटक पडली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. मग ती सावरून म्हणाली की भावाने सकाळीच फोनवर सगळं सांगितलंय. तेही खरंच असणार. पण त्या वेळी नेमकी कुठे होतीस, याचं उत्तर तिने काही केल्या दिलं नाही.

"पोट दाखवतेस?" मी सरळ विचारलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनचे चार बारीक वण राहतात.

"मी काय गुन्हेगार आहे?" ती ओरडली. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी बाहेर पडले, पण मनात पक्कं केलं होतं की हीच ती.

संध्याकाळी मी त्या दुसऱ्या रुग्णालयात गेले, जिथे तीन वर्षांपूर्वी ‘मास्तरीणबाईचं’ पित्ताशय काढलं होतं. खरं तर ऑपरेशन नुसतं बिलावरच झालं असेल, अशीही एक शंका होती. सर्जनला वेळ नव्हता. जिन्यातून उतरताउतरताच ते बोलत होते. रोज इतकी पित्ताशयं काढतो, कुठलं कोणाचं ते कसं लक्षात राहणार, असं त्यांचं चाललं होतं.

मी तारीख सांगितली, तशी त्यांनी कठड्यावर हात टेकला आणि ते थांबले.

"ती बाई होय! ती मी मरेपर्यंत विसरणार नाही," ते म्हणाले. "तिचं पित्ताशय डाव्या बाजूला होतं."

४

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"यकृत डावीकडे, जठर उजवीकडे, हृदय उजवीकडे. आरशात बघावं तसं सगळं शरीर," सर्जन सांगत होते. "हजारोंत एखादंच माणूस असतं असं. तब्येतीला काही बाधा नसते, पण ऑपरेशन करताना माझी भंबेरी उडाली. जागा बदलून पलीकडून उभा राहिलो. सगळी हत्यारं उलट्या हाताने! माझ्या टिपणात मी लिहिलं होतं की सगळं. तुमच्या कंपनीत कोणी वाचत नाही का?"

नाही वाचत. आमच्याकडे ऑपरेशनचं नाव आणि बिल एवढंच बघतात. मला त्या जिन्यात उभ्याउभ्या लाज वाटली.

पण आता माझ्या हातात अशी गोष्ट होती जी कोणाला लपवता येणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुना स्टेथोस्कोप पिशवीत टाकला. आधी मास्तरीणबाई. तिचं हृदय डावीकडे, धडधडत होतं ते तापामुळे. मग नणंद. ती वहिनीला डबा घेऊन आली होती. मी तिला कोपऱ्यात नेलं आणि म्हणाले, "पोट नको दाखवू. नुसती उभी राहा."

मी श्वास रोखून ऐकलं. डावीकडे, स्वच्छ, ठणठणीत.

मी आदल्या दिवशी भर दुकानात जिला गुन्हेगार ठरवलं होतं, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "एका मुलाला भेटायला गेले होते," ती म्हणाली. "लग्न ठरवायला. घरी सांगितलं नव्हतं. त्याने नाही म्हटलं. बस, एवढंच आहे. आता लिहा कंपनीच्या कागदावर."

मी तिची माफी मागितली. तिने ती घेतली नाही आणि ते बरोबरच होतं.

घरात तिसरी बाई नव्हती. म्हणजे साप साप म्हणून मी भुई धोपटत होते. दुपार जवळ येत होती. मास्तरीणबाईला हुडहुडी भरली होती आणि मुलगी तिच्या अंगावर पांघरूण ओढत होती.

"वहिनीची एवढी वेडी आहे ही," नणंद डोळे पुसत म्हणाली. "हिच्या आधी घर कसं सुनं सुनं होतं हो. गेल्या वर्षी आली आणि घराला घरपण आलं."

मी मुलीकडे बघितलं आणि मनातल्या मनात वर्षं मोजली.

५

तीन वर्षांपूर्वी या घरात मुलगीच नव्हती.

खाटेवरची बाई, खरी असो की खोटी, मुलगी वाट बघतेय असं म्हणूच शकत नव्हती. ते तिने म्हटलंच नव्हतं. ते काकांनी परवा-काल कंपनीच्या पडद्यावर पाहिलं होतं. भेटीला जाण्याआधी त्या सभासदाच्या घरी कोणकोण आहे ते बघून जायचं, ही भेटकऱ्याची हाडात मुरलेली सवय. क्लेम नाकारला गेला की मी विचारायला येणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आजचं घर पाहिलं आणि तीन वर्षांपूर्वीच्या बाईच्या तोंडी घातलं. वाट बघणारं माणूस पाठ करायचं कोणाला सुचत नाही म्हणतात. काकांना सुचलं, आणि तिथेच ते फसले.

एकदा ते दिसलं की बाकीचं आपोआप जुळत गेलं. मास्तरीणबाईचं कार्ड कधी तिच्या पर्समधून बाहेर गेलं नव्हतं. म्हणजे दुसरं कार्ड कंपनीच्या आतूनच निघालं होतं. रुग्णालयात खोटा माणूस ओळखायचं काम ज्याचं, त्यानेच डोळे मिटल्याशिवाय खोटा माणूस पार होत नाही. आणि नणंदेकडे माझं बोट वळवलं होतं तेही काकांनीच. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

मला रिक्षात रडू आलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

काकूंनी दार उघडलं. हातात शब्दकोड्याचं पान, कानावर पेन. "बरी आलीस. तीन अक्षरी शब्द सांग, ‘उपकार विसरणारा’..." माझ्या हातातला स्टेथोस्कोप त्यांना दिसला आणि त्या थांबल्या. त्यांनी पान टेबलावर ठेवलं, खुर्चीत बसल्या आणि पदर जरा बाजूला केला.

मी डाव्या बाजूला ऐकलं. काहीच नाही. म्हणजे अगदी लांबून, भिंतीपलीकडे कोणी चालावं तसं. इतकी वर्षं या बाईच्या हातचं जेवले, गळ्यात पडून रडले, आणि मला माहीत नव्हतं.

"तिथे काय शोधतेस?" काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात धरून उजवीकडे नेला.

६

"लग्न झालं तेव्हा यांनी माझं नाव कंपनीत घालायचं ठरवलं," काकू सांगत होत्या. "कंपनीने विचारलं, जन्मापासून काही वेगळं आहे का? मी म्हटलं, आहे, हृदय उजवीकडे आहे. त्यांनी जन्मजात दोष म्हणून मला कायमची वगळली. दोष कसला गं? मी डोंगर चढायचे. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. खरं बोलले ते नडलं."

दारात काका उभे होते. हातात भाजीची पिशवी तशीच.

"मुलीवरून ना?" त्यांनी विचारलं. "बोलून गेलो आणि घरी आल्यावर लक्षात आलं. रात्रभर झोप नाही."

"दुसऱ्याचं नाव का घेतलंत, काका? ती बाई आज मरायला टेकलीय!"

"हिचं पित्ताशय सडलं होतं. मी अर्ज केले, साहेबांचे पाय धरले. नियम म्हणजे नियम म्हणाले. मग मी असं नाव शोधलं, जिने कंपनीकडे कधी काही मागितलं नव्हतं. वयात फार फरक नाही, रक्तगट तोच. वाटलं, धडधाकट बाई, पोहणारी. पित्ताशय काय सगळ्यांनाच काढावं लागतं?" त्यांनी पिशवी खाली ठेवली. "तिलाच लागलं."

"तिच्या पोरीचं इन्सुलिन बंद होणार होतं. आणि तुम्ही मला नणंदेच्या मागे लावलंत."

"हो." एवढंच ते म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांना धरून बसवावंसंही वाटलं.

काकू उठून चपला घालत होत्या. "मला घेऊन चल. मीच सांगते समितीला, यांना काही माहीत नव्हतं."

"तू गप्प बस," काका म्हणाले. "हिला काही ठाऊक नव्हतं असं मी सांगणार आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दोघांना भांडताना पाहत होते. शेवटी काका एकटेच माझ्याबरोबर आले.

समितीसमोर मला नाव घ्यावंच लागलं नाही. मोठ्या साहेबांनी "कोण?" विचारलं आणि काका उभे राहिले. साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांनाही हे काम काकांनीच शिकवलं होतं.

पुढचं मात्र भराभर झालं. मास्तरीणबाईचं घर निर्दोष, मंजुरी तत्काळ. काका नोकरीतून बाद, विम्यातून बाद.

"आणि त्यांच्या बायकोचं?" कोणीतरी विचारलं.

साहेबांनी पडद्यावर पाहिलं. "त्या आपल्या सभासदच नाहीत. त्यांचं काय काढून घेणार?"

टेबलाच्या टोकाला एकजण हसला. मी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो कागद चाळायला लागला.

"पोलीस तक्रार नवरा-बायको दोघांवर," साहेब मला म्हणाले. "नाव त्या बाईचं वापरलं गेलंय, तेव्हा तक्रार तिनेच करायला हवी. भूल देण्याआधी तिची सही आणा. नंतर माणसं मऊ पडतात."

७

मास्तरीणबाईला हिरवा गाऊन चढवला होता. मी तिला सगळं सांगितलं. तिचा तो हक्कच होता. काकांचं सांगितलं, काकूंचं सांगितलं आणि तिचंच नाव का निवडलं, तेही सांगितलं.

"मी कधी काही मागितलं नाही म्हणून?" तिने विचारलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. "म्हणजे उद्या मी मेले असते तर तीही सोयच झाली असती त्यांची?"

"तसं त्यांच्या मनात..."

"त्यांच्या मनाचं मला सांगू नका! माझी पोर रस्त्यावर आली असती." वॉर्डातले सगळे आमच्याकडे बघत होते. ती दम लागून थांबली. मग म्हणाली, "ती बाई बरी आहे का आता?"

"बरी आहे."

"पुन्हा काही झालं तर?"

"तिला कोणी घेणार नाही. आता नवऱ्याची नोकरीही गेली."

तिने डोळे मिटून घेतले. कळ आली होती की विचार करत होती, मला कळलं नाही.

"सहीचा कागद आणलाय ना तुम्ही?"

"आणलाय."

"पेन?"

"आहे."

"आत्ता पुढे केलात तर मी सही करीन," ती म्हणाली. "दोघांनाही आत टाकीन. इतका राग आलाय मला. म्हणून आत्ता पुढे करू नका."

माझा हात पिशवीत होता, तो मी तसाच रिकामा बाहेर काढला. पर्समधला फोन वाजत होता. साहेबांचाच असणार, मी उचलला नाही. तेवढ्यात वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आला. मी पायांकडून धरलं, त्याने खांद्यांकडून, आणि आम्ही तिला अलगद उचलून ट्रॉलीवर घेतलं.